संगणकावर कार्यकारी क्षमतांची चाळणी चाचणी: निरोगी प्रौढ आणि ज्येष्ठांसाठी काय, किती आणि कसं?

नेरूळ_सकाळ

नेरूळमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात साठीच्या पुढच्या ६० सभासदांची, आणि सोबत येतील त्या ३५ ते ५५ वयाच्या साधारण २० मुला-सुनांची, टॅबलेटवर कार्यकारी क्षमतांची तपासणी करायची आहे. सगळे हिंडते-फिरते, आपापले व्यवहार सांभाळणारे. निदान करायचं नाही. आज कोण कुठे आहे याची नोंद ठेवायची आणि वर्षभराने पुन्हा बघायचं, एवढाच हेतू.

हाताशी आहे ते असं: एकाच बनावटीचे ६ टॅबलेट, दोन खोल्या, सकाळी ८ ते ११ ची वेळ, मानसशास्त्राचे ४ विद्यार्थी आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या एक नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दोन रविवार धरले आहेत. माणशी ३०-३५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको.

कोणत्या चाचण्या घ्याव्यात? मराठीत काय बदलावं लागेल? आणि लोकांच्या हातात काय द्यायचं? संघाच्या कार्यकारिणीला हिरवा-पिवळा-लाल असा निकाल हवा आहे.

मापनपट्टी

आधी एक गैरसमज बाजूला करू. स्मरणशक्तीची चाचणी म्हणजे कार्यकारी क्षमतेची चाचणी नव्हे. २० शब्द ऐकवून १५ मिनिटांनी विचारणं हा वेगळा विभाग झाला. कार्यकारी क्षमता म्हणजे हात आपसूक जिकडे जातो तिकडून त्याला आवरणं, मनात धरलेली माहिती सतत ताजी करत राहणं, आणि एका नियमावरून दुसऱ्यावर सहज जाणं. मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० साली हेच तीन घटक आकडेवारीने वेगळे काढून दाखवले. तिघे एकमेकांशी बांधलेले आहेत, पण एकच नाहीत. त्यामुळे एक चाचणी घेऊन 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन चांगलं' असं म्हणता येत नाही.

तुमच्या वेळेत बसेल असा संच:

साधा प्रतिसादवेळ. ठिपका दिसला की बटण. ३० फेऱ्या, २ मिनिटं. ही कार्यकारी चाचणी नाही, पण ती नसेल तर बाकीचे आकडे वाचताच येणार नाहीत. कारण खाली येईलच.

फ्लँकर. पाच बाण, मधल्याची दिशा सांगायची. एरिक्सन यांनी १९७४ मध्ये अक्षरं वापरून केलेल्या प्रयोगाचं हे बाणांचं रूप. सरावाच्या १६ फेऱ्या, त्यातल्या किमान १२ बरोबर आल्या तरच पुढे जायचं, नाहीतर सराव पुन्हा. मग ४८ फेऱ्यांच्या दोन फैरी, निम्म्या जुळणाऱ्या (बाजूचे बाण मधल्याच्याच दिशेला) आणि निम्म्या विरोधी (उलट दिशेला). बाण उत्तर येईपर्यंत किंवा २००० मिलिसेकंद दिसू द्या. दोन फेऱ्यांमधलं अंतर ८०० ते १२०० च्या दरम्यान बदलतं ठेवा. ते ठरावीक ठेवलं की लोक ताल पकडतात आणि बाण दिसण्याआधीच दाबतात.

ट्रेल मेकिंग, भाग ए आणि बी. २५ वर्तुळं. पहिल्यात १-२-३, दुसऱ्यात आकडा-अक्षर-आकडा-अक्षर. मुळात ही १९४४ च्या अमेरिकी लष्कराच्या चाचणीसंचातली.

उलटा कॉर्सी. ९ चौकोन, पेटलेल्या क्रमाच्या उलट क्रमाने स्पर्श करायचा. दोनपासून सुरुवात, प्रत्येक लांबीला दोन संधी, दोन्ही चुकल्या की थांबा. चौकोन १ सेकंद पेटता ठेवा.

पत्ते लावणं, ६४ पत्त्यांचं रूप. रंग, आकार की संख्या हे सांगायचं नाही, फक्त 'बरोबर' किंवा 'चूक'. सलग १० बरोबर आले की नियम गुपचूप बदलतो. बर्ग आणि ग्रँट यांची १९४८ ची कल्पना. विस्कॉन्सिन नावाने मिळते ती विकत घ्यावी लागते. पेबल या मोफत प्रणालीत बर्ग यांच्या नावाने तीच रचना आहे, फ्लँकर आणि कॉर्सीही आहेत.

चाचण्यांचे मिळून २७-२८ मिनिटं, सूचना धरून ३५. बसणं-उठणं, चष्मा पुसणं, पाणी पिणं धरा आणि माणशी ४५ मिनिटांचा हप्ता ठेवा. ३ तासांत ४ हप्ते, ६ टॅबलेट, म्हणजे सकाळी २४ माणसं. ८० जणांना चार सकाळी लागतील. दोन रविवारांत कोंबलं तर शेवटच्या हप्त्यातल्यांना घाई होईल आणि ती घाई त्यांच्या आकड्यांत 'आवर घालता येत नाही' अशी उमटेल.

सोळा_मिलिसेकंद

यंत्राच्या बाजूने लिहितो. साध्या टॅबलेटचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. चित्र त्या मधल्या क्षणी दाखवताच येत नाही. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये '५०० मिलिसेकंद' न लिहिता ३० फ्रेम (पडद्याची ३० रंगणी) लिहा. चित्रं आधीच स्मृतीत चढवून ठेवा, ऐन वेळी उघडू नका.

सगळ्यात मोठी गफलत स्पर्शात होते. बरेचसे तयार प्रोग्रॅम बोट उचलल्यावर 'दाबलं' असं धरतात. तिशीतला माणूस टिचकी मारतो, सत्तरीतला दाबून धरतो. बोट काचेवर जितकं जास्त राहतं तितका प्रतिसादवेळ वाढतो, आणि त्या वाढीचा मेंदूशी काही संबंध नसतो. घटना 'बोट टेकलं' हीच पकडा. त्याच दाबून धरण्याने अँड्रॉइडवर मेनू उघडतो. तो बंद करा.

दुसरं, वयानुसार बोटाची त्वचा कोरडी होते आणि काच स्पर्श ओळखत नाही. माणूस तीनदा दाबतो, चौथ्यांदा जोरात, तोवर फेरी संपलेली. उलट मे महिन्यात घामट बोट काचेवर सरकतं आणि टिचकीऐवजी घसरा नोंदला जातो. फ्लँकरला आणि साध्या प्रतिसादवेळेला टॅबलेटला तारेने जोडलेला छोटा कीबोर्ड वापरा आणि दोनच कळांवर जाड स्टिकर लावा. ब्लूटूथचा नको, त्याचा उशीर एकसारखा नसतो. तारेचा कीबोर्ड साधारणपणे दर ८ मिलिसेकंदांनी तपासला जातो, तेवढी चूक सोसते. ट्रेल आणि कॉर्सी मात्र बोटानेच. शेजारी ओलसर रुमाल ठेवा.

प्रत्येक टॅबलेटवर: विमान मोड चालू, आपोआप उजेड बंद, उजेड ७० टक्क्यांवर पक्का, रात्रीचा पिवळसर पडदा बंद, बॅटरी बचत बंद. बचत चालू असली की काही यंत्रं पडद्याचा वेग उतरवतात. अक्षरांचा आकार मूळ ठेवा, नाहीतर ट्रेलची वर्तुळं एकमेकांवर चढतात.

नोंद दर फेरीनंतर लगेच लिहा, चाचणी संपल्यावर एकदम नको. मध्येच टॅबलेट बंद पडला तरी तोवरचं वाचतं. रकाने: सांकेतिक क्रमांक, टॅबलेट क्रमांक, चाचणी, फैर, फेरी, काय दाखवलं, बरोबर उत्तर काय, काय दाबलं, वेळ. नुसती सरासरी साठवून देणारा प्रोग्रॅम घेऊच नका. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीचा चुथडा होतो. डेटा आयात करताना यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडा, किंवा रकान्यांत मजकुराऐवजी आकडी खुणा ठेवा.

वर्णमाला

मराठीचा प्रश्न वरवर वाटतो तेवढा सोपा नाही.

ट्रेल बी मध्ये मूळ चाचणीत १ ते १३ आकडे आणि ए ते एल ही बारा अक्षरं आहेत. देवनागरीत क पासून बारा मोजा: क ख ग घ ङ च छ ज झ ञ ट ठ. ङ आणि ञ धरले तर ठ वर संपतं, सोडले तर ढ वर. कोण कसं पाठ करून आलंय यावर काही सेकंद इकडचे तिकडे होतात. 'घ' नंतर माणूस 'च' शोधतो आणि पडद्यावर 'ङ' असतो. त्याची नजर अडखळते आणि आपण ते 'नियम बदलताना अडखळला' असं मोजतो. शिवाय ङ आणि ड यांत फरक एका टिंबाचा, घ आणि ध यांत वरच्या रेषेचा. मोतीबिंदूच्या डोळ्याला हे वाचायला लावणं बरोबर नाही.

अक्षरं काढूनच टाका, असं माझं मत. आकडेच ठेवा. १ वर्तुळात, २ चौकोनात, ३ वर्तुळात, असं आलटूनपालटून जायचं. प्रत्येक आकडा दोन्ही आकारांत पडद्यावर असतो, त्यातला योग्य निवडायचा. चीनमध्ये शेप ट्रेल म्हणून हेच वापरतात. कलर ट्रेल्स या रंग आलटूनपालटून घेण्याच्या प्रकारात गुलाबी आणि पिवळा आहे, पण पडद्याचा रंग आणि डोळ्याचं भिंग या दोन अनिश्चित गोष्टी कशाला जोडायच्या? अंक देवनागरी किंवा रोमन, कोणतेही चालतील, पण दोन्ही भागांत आणि सगळ्यांना एकच.

स्ट्रूप तुम्ही घेतलेली नाही ते बरंच झालं. घ्यायचा मोह झालाच तर हे पाहा. १९३५ पासूनची ही चाचणी उभी आहे ती 'वाचन आपसूक होतं' या गृहीतावर. निळ्या शाईत 'लाल' लिहिलेलं दिसलं की माणूस आधी 'लाल' वाचतो आणि मग स्वतःला आवरतो. ज्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालं त्यांचं वाचन आपसूक नसतं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या चाळिशीतल्या मुलाचं मराठी वाचनही तितकं आपसूक नसतं. दोघांचाही अडथळा कमी येतो आणि कागदावर दोघंही 'उत्तम आवर' असलेले दिसतात. वरून पिवळा पांढऱ्यावर दिसत नाही, आणि भिंग पिवळं पडलेल्या डोळ्याला निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो.

आकडे उलटे म्हणण्याची चाचणीही मी टाळेन. भाषेत आकड्यांची नावं किती लांब आहेत यावर किती आकडे लक्षात राहतात हे ठरतं, म्हणून दुसऱ्या भाषेतले निकष इथे लागू होत नाहीत. कॉर्सीत भाषाच नाही. याच कारणाने १०० मधून ७ वजा करत जाणंही जपून वाचावं लागतं. ७९ ला आपण एकोणऐंशी म्हणतो, म्हणजे नावात ऐंशी आहे आणि संख्या सत्तरीतली. चूक वजाबाकीत झाली की नावात, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. विद्यार्थ्यांपैकी जे इंग्रजी आकड्यांवर वाढले असतील त्यांना ते कळणार नाही.

सूचना छापून द्या, तोंडी फिरवू देऊ नका. फ्लँकरसाठी एवढंच: "मधल्या बाणाचं टोक जिकडे, तिकडची कळ दाबा. बाजूच्या बाणांकडे बघू नका. जमेल तितकं लवकर, पण चूक होऊ न देता." एक विद्यार्थी 'लवकर' वर जोर देईल, दुसरा 'चूक नको' वर, आणि दोन खोल्यांचे आकडे वेगळे येतील.

नेरूळ_सकाळ

आकारांची ट्रेल पटली, तीच घेतो. स्टॉप-सिग्नलबद्दल बरंच वाचनात येतं. ती का नाही सुचवली?

सोळा_मिलिसेकंद

ती प्रयोगशाळेतली उत्तम चाचणी आहे, सभागृहातली नाही. बाणाला उत्तर द्यायचं, पण काही फेऱ्यांत बाणानंतर क्षणभराने थांबण्याची खूण येते. तो मधला अवकाश ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी खाली-वर होतो, जेणेकरून माणूस निम्म्या वेळा थांबू शकेल. त्यावरून थांबायला लागणारा वेळ काढतात. लोगन आणि कोवन यांचं १९८४ चं शर्यतीचं गणित त्यामागे आहे.

२०१९ च्या सर्वसंमत मार्गदर्शिकेनुसार थांबण्याच्या फेऱ्या साधारण एकूण फेऱ्यांच्या चौथाई हव्यात आणि किमान ५० हव्यात. म्हणजे २०० फेऱ्या झाल्या. ज्येष्ठ मंडळी वीसेक फेऱ्यांत ओळखतात की खूण येऊ शकते, आणि मग प्रत्येक बाणाला वाट बघू लागतात. वाट बघितली की गणिताचा पायाच हलतो. 'वाट बघू नका' हे पडद्यावर दर फैरीनंतर दाखवावं लागतं आणि तरी काही जण बघतातच. तुमच्या वेळेत ते बसणार नाही.

मापनपट्टी

आता आकडे. कच्च्या वेळेतून २०० मिलिसेकंदांखालचे प्रतिसाद काढा, ते बाण बघून दिलेले नसतात. उरलेल्यांची सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी. ज्येष्ठांमध्ये एखाद-दुसरी फेरी १८०० ला जाते आणि सरासरी ओढून नेते. बरोबर उत्तरं ८० टक्क्यांखाली असतील तर वेळेचा आकडा काढूच नका, फक्त 'सूचना समजली नसावी' अशी नोंद करा.

साधा प्रतिसादवेळ कशासाठी, ते आता सांगतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ. पंचेचाळिशीच्या सूनबाई: जुळणारे बाण ४८० मिलिसेकंद, विरोधी ५६०. फरक ८०. बहात्तर वर्षांचे सासरे: ७२० आणि ८३०. फरक ११०. नुसता फरक पाहिला तर सासऱ्यांचा आवर कमी. पण ८० म्हणजे ४८० च्या १६.७ टक्के, आणि ११० म्हणजे ७२० च्या १५.३ टक्के. साध्या प्रतिसादवेळेतही ते असेच मागे असतील तर सासरे सगळ्याच गोष्टीत सावकाश आहेत, विरोधी बाणाने त्यांचं विशेष काही बिघडत नाही. साल्टहाउस यांनी १९९६ मध्ये हेच ठासून मांडलं होतं की वयाबरोबर दिसणारी बरीच घट मुळात वेगाची असते. ट्रेलमध्येही असंच: ए ला ४८ सेकंद आणि बी ला १२० सेकंद, तर गुणोत्तर २.५. काही जण ३ च्या वर गेलं की लक्ष द्या म्हणतात. ती खूणगाठ म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही, आणि ती अक्षरांच्या बी भागासाठी आहे. आकारांच्या ट्रेलचं गुणोत्तर तुमच्याच गटात कसं पसरलंय ते आधी बघा.

निकषांचंही तेच. टॉमबॉ यांचे २००४ चे ट्रेलचे निकष वय आणि शिक्षणानुसार नीट मांडलेले आहेत, पण ते कॅनडातल्या लोकांवरचे आणि कागद-पेन्सिलीचे. टॅबलेटवर बोटाने जाणाऱ्या नेरूळच्या आजींना ती फूटपट्टी लावू नका. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार केला, त्यात मराठी नाही. म्हणून माणसाची तुलना त्याच्याशीच करणं हा तुमचा मार्ग योग्य आहे.

पण त्यातही खोच आहे. फ्लँकर, स्ट्रूपसारख्या चाचण्यांत दोन आकड्यांची वजाबाकी होते, आणि वजाबाकीत दोन्हींची चूक जमा होते. हेज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की ज्या चाचणीत परिणाम प्रत्येकात हमखास दिसतो, त्याच चाचणीत माणसामाणसातला फरक पुन्हा मोजल्यावर टिकत नाही. म्हणून वर्षभराने किती फरक पडला तर खरा मानायचा हे आधी ठरवा. समजा गटात गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १० आणि पुनर्मापनाची विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यावर गुण किती जुळतात ते, १ म्हणजे पूर्ण) ०.७५. मापनाची चूक १० गुणिले ०.२५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. दोन वेळच्या फरकाची चूक ५ गुणिले २ चं वर्गमूळ, ७.०७. त्याला १.९६ ने गुणलं की १३.९. म्हणजे १४ गुणांपेक्षा कमी हालचाल झाली तर 'बदल नाही' असंच म्हणायचं, वर असो की खाली. विश्वसनीयता ०.७५ पुस्तकातून उचलू नका. १५-२० जणांना दोन आठवड्यांत पुन्हा बोलावून तुमच्या टॅबलेटवरची काढा. एवढ्या माणसांत ती ढोबळच येईल, तरी परक्या आकड्यापेक्षा बरी.

सरावाचा सगळ्यात मोठा फायदा पहिल्यावरून दुसऱ्या वेळी मिळतो. शक्य असेल तर दोनदा घ्या आणि दुसरी वेळ पायाभूत धरा. पत्त्यांच्या चाचणीला हे लागू नाही. नियम गुपचूप बदलतो हे एकदा कळलं की ती चाचणी त्या माणसासाठी संपली. बाहेर आलेले लोक वाट बघणाऱ्यांना हौसेने सांगतात, "मध्येच बदलतं बरं का!" तेव्हा यायचं दार एक आणि जायचं दुसरं ठेवा, चहा जायच्या दारापाशी.

ओपीडी_नोंद

हिरवा-पिवळा-लाल कृपया करू नका. गणित मांडून सांगतो.

भारतात साठीच्या पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा लासी-डॅड या देशव्यापी ज्येष्ठांच्या पाहणीचा अंदाज आहे. तुमच्या ६० जणांत तेच धरू, खरं तर चालत संघात येणाऱ्यांत ते कमीच असेल. म्हणजे ४ ते ५ माणसं. चाचणी चांगली आहे, ८० टक्के आजारी पकडते आणि ८० टक्के निरोग्यांना मोकळं सोडते, असं मानू. खऱ्यांपैकी ३-४ जण लाल होतील. निरोगी ५५ पैकी ११ जणही लाल होतील. हातात लाल कागद घेऊन घरी जाणाऱ्या दर चारांपैकी तिघे निरोगी. त्या रात्री त्यांच्या घरात काय होईल याचा विचार करा.

शिवाय तुम्ही माणशी दहा आकडे काढणार. प्रत्येकाला 'तळाचे ५ टक्के' ही रेषा लावली आणि आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असते, तर पूर्ण निरोगी माणसाचा किमान एक आकडा रेषेखाली जाण्याची शक्यता ४० टक्के होते. प्रत्यक्षात आकडे एकमेकांशी जोडलेले असल्याने ती थोडी उतरते, पण एखादा खालचा आकडा येणं हे निरोगीपणातच बसतं.

आकड्याला वजन येतं ते दुसऱ्या बाजूने पुरावा आला की. मुलं-सुना येणारच आहेत, त्यांच्याकडून आयक्यूकोडची १६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरून घ्या. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता पैशाचे व्यवहार, नवीन यंत्र शिकणं, गोष्ट समजून घेणं कसं आहे, असं त्यात विचारतात. आकडा खाली आणि घरच्यांनाही बदल जाणवतोय, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच डॉक्टरांकडे पाठवा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या लोकांत हे जास्त मनावर घ्या. लहान रक्तवाहिन्यांच्या आजारात आठवण शाबूत राहून नियोजन आणि वेग आधी घसरतो, आणि ३० गुणांची जुनी एमएमएसई ही स्मृतिभ्रंशाची चाळणी चाचणी त्यांना पूर्ण निरोगी ठरवून मोकळी होते.

चाचणीच्या सकाळी प्रत्येकाला विचारायचं: रात्री झोप झाली का, चष्मा आणि कानाचं यंत्र आणलंय का, कोणती औषधं चालू आहेत. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, ही सगळी वेग आणि लक्ष उतरवतात. औषध बंद करून बोलावू नका, फक्त नोंदवा. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत खूप सापडते, थायरॉइडही. हे दोन्ही बरं होणारं आहे. उदासीची छोटी १५ प्रश्नांची जीडीएस आधी घ्या. उदास माणूस सावकाश दाबतो.

आणि एक गोष्ट अगदी जरूर. 'तपासणी' म्हटलं की आपल्याकडे ज्येष्ठ उपाशी येतात, रक्ततपासणीची सवय. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी बसलेल्या माणसाचा पत्त्यांचा आकडा म्हणजे त्याच्या साखरेचा आकडा. निरोपात 'नाश्ता करून या' असं ठळक लिहा. चतुर्थी-एकादशीचा दिवस टाळा.

चाचणीच्या वेळी कुणाची जीभ अचानक जड झाली, तोंड वाकडं झालं, एक हात पडला, तर टॅबलेट बाजूला ठेवून थेट रुग्णालय. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

उपवनकाठ

ठाण्यातून, ऑक्युपेशनल थेरपीच्या अंगाने थोडं. टॅबलेट वेळ मोजतो, पद्धत मोजत नाही. विद्यार्थ्यांना शेजारी बसवणारच आहात तर त्यांच्या हाती नोंदीचा अर्धा कागद द्या.

पत्त्यांच्या चाचणीत काय बघायचं ते सांगते. नियम रंगावरून आकारावर गेला. 'चूक' आलं, पुन्हा 'चूक' आलं. एक जण थांबतो, दोन पत्ते चुकीचे टाकून बघतो, आकार पकडतो. ही चांगली चूक, शोधाची. दुसरा पुटपुटतो, "आता आकार चाललाय," आणि हात रंगाच्याच ढिगावर जातो. पुन्हा तेच, पुन्हा 'चूक'. कळलंय, पण हाताला वळवता येत नाही. प्रोग्रॅम दोघांच्याही खात्यात चुका लिहितो. जुन्या नियमाच्या चुका वेगळ्या मोजायचा रकाना असतो, पण ते पुटपुटणं त्यात येत नाही. ते ऐकून लिहायला माणूस लागतो.

ट्रेलमध्ये बोट उचलून शोधतात की काचेवरच फिरवत बसतात, चूक दाखवल्यावर कुठून सुरू करतात, हेही लिहा. चुकीची खूण डोळ्यांना दिसेल अशी ठेवा, आवाज बंद. सहा टॅबलेट एका ठिकाणी असले की शेजारच्याचा 'चूक' ऐकून माणूस स्वतःचं बरोबर उत्तर बदलतो.

आणि निरोगी, पण बोलण्यात शंका येणाऱ्या दोघा-तिघांसाठी शॅलिस आणि बर्जेस यांच्या १९९१ च्या धर्तीवर छोटं काम ठेवा. खाली दुकानातून तीन ठरावीक वस्तू, १०० रुपयांच्या आत, एकाच दुकानात दोनदा न जाता, आणि साडेदहाला परत येऊन कितीला निघालो ते सांगायचं. टॅबलेटवर उत्तम असलेला माणूस इथे वस्तू आणतो आणि वेळ विसरतो. असं दिसलं तर ते घरच्या वागण्याशी ताडून बघण्यासारखं आहे.

वर्णमाला

गोपनीयतेचा मुद्दा राहिला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहे, संमती लेखी आणि मराठीत घ्या. टॅबलेटवर नाव नको, सांकेतिक क्रमांकच. नाव आणि क्रमांक जोडणारी वही कुलपात. व्हॉट्सॲपच्या गटावर एकही आकडा जाता कामा नये.

मुलगा किंवा सून बाहेर विचारणारच, "बाबांचं काय आलं?" उत्तर एकच: बाबांना विचारा. त्यांची परवानगी कागदावर असेल तरच बोलायचं, आणि तेही देखरेख करणाऱ्या ताईंनीच, विद्यार्थ्यांनी नाही. हातात द्यायच्या कागदावर आकडे नकोत. चाचणी कोणत्या तारखेला झाली, पुढची कधी, आणि काही बदल जाणवला तर कुठे यायचं, एवढं पुरे.

नेरूळ_सकाळ

चार सकाळी, रंग नाहीत, आकारांची ट्रेल, कीबोर्ड तारेचे. कार्यकारिणीला ओपीडी_नोंद यांचं चारांतल्या तिघांचं गणित तसंच्या तसं दाखवतो. निरोपाचा मजकूर असा केला आहे, चूक असेल तर सांगा:

"सप्रेम नमस्कार. आपली वेळ सकाळी ८.४५. ही रक्ततपासणी नाही, नाश्ता करून आणि नेहमीची औषधं घेऊन यावे. सकाळचा चहा नेहमीसारखा घ्यावा. जवळचं वाचायचा चष्मा, कानाचं यंत्र आणि चालू औषधांची यादी आणावी. ४५ मिनिटे लागतील. मोबाइल चालवता येत नसला तरी चालेल, आधी सराव करून घेतला जाईल."

सोळा_मिलिसेकंद

मजकूर चांगला आहे. चष्म्याच्या ओळीत एक भर घाला: दोन चष्मे असतील तर दोन्ही आणावेत. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं फक्त खालच्या पट्टीतून दिसतं. टॅबलेट उभा ठेवला तर माणूस मान मागे टाकून बघतो आणि दहा मिनिटांत मान अवघडते. टॅबलेट टेबलावर साधारण ३० अंशांच्या स्टँडवर, डोळ्यापासून ४० ते ५० सेंटीमीटर, आणि खिडकीकडे पाठ असेल तर उजेड काचेवर पडतो, म्हणून खिडकी बाजूला येईल अशा खुर्च्या लावा. पहिल्या सकाळी साडेसातला सहाही जागांवर एकदा स्वतः बसून बघा. आठच्या उन्हात दिसणारा पडदा दहाच्या उन्हात दिसतोच असं नाही.